मुलाला काढून टाकण्यापूर्वी

आपल्या गावाचे नाव सांगितले की बाहेरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे नागपूर का?" मग काना सांभाळून पुन्हा सांगावे लागते : नागपूर नव्हे, नागापूर, नगर-मनमाड रस्त्यावरचे, एमआयडीसीचे. परंतु या शाळेच्या वसतिगृहात जे वाढले त्यांच्यासाठी ही दोन्ही नावे एकमेकांपासून तुटलेली कधीच नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या आम्ही नागापुरात रोज संध्याकाळी रांगेत उभे राहून म्हणत असू. सतरावी प्रतिज्ञा मद्यपान न करण्याची. ती म्हणताना आमच्यापैकी अनेकांना आपले घर आठवे, काहींना आपले वडील. आवाज तेवढ्यापुरता एक तर चढे, नाही तर पडे.

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात जेवणानंतर जो विषय निघाला, तो सर्वांच्या स्मरणात असेलच. नववीतील दोन मुलांजवळ गांजाची पुडी सापडली होती. मागच्या कुंपणापाशी, रात्रीच्या अभ्यासिकेच्या वेळी. दोघांनाही शाळेतून काढून टाकावे, दाखले हाती द्यावेत, असा ठराव आला. तो मांडणारे सर्वजण शाळेवर जीव असणारे होते, हे मी आवर्जून लिहितो. ज्या संस्थेने आपल्याला घडविले तिच्या नावाला डाग लागू नये, शंभर मुलांचे नुकसान दोघांमुळे होऊ नये, ही त्यांची भावना. मी त्या ठरावाला विरोध केला. वेळ थोडा होता, बोलणे अर्धवट राहिले. संपादक मंडळाने ते या स्मरणिकेत पुरे करण्यास सांगितले, म्हणून हे लेखन.

त्या दोघांपैकी एकाने गृहपालांना दिलेले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. "सर, प्रतिज्ञेत दारू आहे. गांजा कुठे आहे?" अनेकांना तो उर्मटपणा वाटला. मला त्यात विचार करणारा मुलगा दिसला. त्याचे म्हणणे शब्दशः खरेही आहे. पंचशीलातील पाचव्या शीलातसुद्धा गांजाचे नाव नाही; तेथे सुरा आणि मेरय ही त्या काळच्या गाळलेल्या व आंबविलेल्या पेयांची नावे आहेत. परंतु त्या शीलाचा भार ज्या शब्दावर आहे तो शब्द 'प्रमाद' हा आहे. ज्यामुळे माणसाचे स्वतःवरचे लक्ष सुटते, त्यापासून दूर राहण्याचे हे शील आहे. मग ती वस्तू बाटलीत असो, चिलमीत असो, की कागदात वळलेली असो. मुलाला हे समजावून सांगायला पंधरा मिनिटे लागतात. दाखला लिहायला पाचच लागतात.

आता माझ्या घरातली गोष्ट. ज्याची आहे त्याच्या संमतीने लिहीत आहे. नाव येऊ नये एवढीच त्याची अट. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, जिल्ह्यातील दुसऱ्या एका निवासी शाळेत दहावीत होता. दिवाळीच्या सुटीनंतर त्याच्या पेटीत गांजा सापडला. त्याच दिवशी दादाला फोन आला आणि दुसऱ्या दिवशी पोरगा पेटीसह घरी. दादा कंपनीत तीन पाळ्यांत काम करणारा माणूस. रात्रपाळी करून आला होता. त्याने पट्टा काढला. वहिनीने शेजारी कळू नये म्हणून आधी दार लावले आणि मगच मध्ये पडली. पुढचे चार महिने तो मुलगा घरी होता. घरी म्हणजे घराबाहेर. शाळा नाही, मित्र नाहीत, दिवसभर करायला काही नाही. ज्यांच्याकडे दिवसभर करायला काही नसते अशीच माणसे त्याला भेटत गेली. शाळेत असताना तो आठवड्यातून एकदा ओढीत असे. काढल्यानंतर रोज ओढू लागला. हे त्यानेच मला पुढे सांगितले, आणि ते सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. "काका, तिथं निदान सकाळची घंटा तरी होती," एवढेच तो म्हणाला.

मेळाव्यात मी ज्या कथेचा नुसता उल्लेख केला होता, ती येथे थोडी विस्ताराने सांगतो. विनयपिटकात मद्यपानाविषयीचा नियम कसा झाला त्याची हकिकत आहे. सागत नावाचे एक स्थविर होते, ऋद्धिमान. एका भयंकर नागाला त्यांनी काबूत आणले आणि त्यांची कीर्ती कौशांबीपर्यंत पोहोचली. (नागाची गोष्ट नागापूरकरांना मी काय सांगावी!) कौशांबीच्या उपासकांनी त्यांचा सन्मान करायचे ठरविले आणि घरोघरी त्यांच्यासाठी मद्य तयार ठेवले. सागत भिक्षेला आले. एका घरी प्याले, दुसऱ्या घरी प्याले, आणि नगराच्या वेशीत कोसळले. भगवान बुद्ध भिक्षूंसह तेथून जात होते. त्यांनी प्रथम काय केले? "याला उचला," असे सांगितले. भिक्षूंनी सागतांना विहारात आणून, बुद्धांकडे डोके करून निजविले. ते नशेत फिरले आणि त्यांचे पाय बुद्धांकडे झाले. तेव्हा बुद्धांनी भिक्षूंना विचारले की, पूर्वी आदर ठेवणारा हा आता ठेवतो आहे काय? ज्याने नागाला जिंकले त्याला आज पाणसापाला तरी जिंकता येईल काय? आणि मग नियम घालून दिला.

या कथेतल्या दोन गोष्टींवर मी पुष्कळ विचार केला आहे. पहिली अशी की, सागतांना मद्य कोणी दिले? शत्रूने नव्हे, आदर करणाऱ्या समाजाने दिले. दुसरी गोष्ट नियमाच्या वर्गाविषयी आहे. भिक्षूला संघातून कायमचे घालविणारे अपराध फक्त चार : मैथुन, चोरी, मनुष्यवध आणि नसलेल्या सिद्धीचा खोटा दावा. त्यांना पाराजिक म्हणतात. मद्यपान त्यांत नाही. ते पाचित्तियांत घातले आहे, म्हणजे ज्याची कबुली देऊन भिक्षू पुन्हा मार्गाला लागतो त्या वर्गात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाने प्रौढ, दीक्षित भिक्षूला जी सवलत दिली, ती आपण चौदा वर्षांच्या मुलाला नाकारावी काय, हा माझा प्रश्न होता. कोणी म्हणेल, हा तर सौम्यपणा झाला. परंतु नियम तर झालाच. कृत्य दोषास्पद ठरलेच. सोडले नाही ते माणसाला.

आपल्या देशाचा कायदाही, कडक म्हणून प्रसिद्ध असला तरी, येथे आंधळा नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरला जातो आणि तो बाळगल्यास एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विक्रीचे मोठे साठे, म्हणजे वीस किलोपेक्षा जास्त, यांना किमान दहा वर्षे. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेण्यास तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. अर्धवट सोडले तर संरक्षण जाते. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण तर बाल न्याय मंडळापुढेच जाते. उलट, मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७७ आहे : सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. देणारा आणि घेणारे मूल यांत कायदा इतका फरक करतो. आपल्या ठरावात मात्र देणाऱ्याचा शब्दही नव्हता. पुडी कुठून आली, हे त्या सभेत एकानेही विचारले नाही.

पुतण्याकडे परत येतो. पाचव्या महिन्यात दादा त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेला. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी आधी दादाला बाहेर बसविले आणि मुलाशी तासभर बोलल्या. नंतर आम्हाला दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्या सर्व पालकांनी जाणून घ्याव्यात अशा आहेत. गांजा सोडविणारी अशी खास गोळी नाही. समुपदेशन, दिनक्रम आणि सोबत हाच मुख्य उपचार. सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, भूक मरते. पहिला आठवडा सर्वांत कठीण, आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ते ओसरते. वहिनीला त्या आठवड्यात वाटले की पोराला औषधाने नवाच रोग जडला. आधी सांगून ठेवले होते म्हणून ती थांबली, नाही तर अंगारे-धुपारे सुरू झाले असते.

गांजाच्या परिणामांविषयी आपण मुलांशी खरे बोलावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. एका झुरक्यात माणूस मरतो, वेडा होतो, असे सांगणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. मुले ती ऐकून घेतात. मग त्यांना ओढणारा मित्र दिसतो, तो मेलेला नसतो, उलट हसत असतो. आणि त्या दिवसापासून आपले कोणतेच बोलणे त्यांना खरे वाटत नाही. खरे जे आहे तेही पुरेसे गंभीर आहे. माणसाचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो आणि निर्णय घेणारा, आवर घालणारा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. १९८७ साली स्वीडनमध्ये लष्करात दाखल होणाऱ्या पंचेचाळीस हजारांहून अधिक तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजावर्गीय पदार्थ घेतला होता त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट आढळले. सगळ्यांना तो होत नाही. पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. पौगंडावस्थेत सुरुवात करणाऱ्यांत अवलंबन जडण्याचा धोका प्रौढांपेक्षा जास्त असतो. आणि रोज ओढणाऱ्याची स्मृती व एकाग्रता कमी होते, म्हणजे पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची जी एकमेव पुंजी, नेमकी तीच. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मद्याच्या आहारी जाण्याचे सहा तोटे सांगितले आहेत. धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, लज्जाहानी यांनंतर सहावा प्रज्ञा दुर्बळ होणे हा आहे. आपल्या मुलांपुढे मी हा सहावा तोटा पहिला सांगेन.

"कॅनडात तर कायदेशीर आहे," असे मुले म्हणतात. आहे, १७ ऑक्टोबर २०१८ पासून. परंतु प्रौढांसाठी. अल्पवयीनाला तो देणाऱ्यास त्याच कॅनडात चौदा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मोबाईलवरच्या चित्रफितीत हा उत्तरार्ध नसतो. "बाबा-साधू ओढतात, मग आम्हीच का नाही?" हा दुसरा प्रश्न. त्यावर माझे उत्तर सरळ आहे : ज्याने संसार, परीक्षा आणि पोट यांचा त्याग केला आहे त्याचा हिशेब वेगळा, तुला मार्चमध्ये बोर्डाचा पेपर आहे.

आकडे पाहिले तर निराश होण्याचे कारण नाही, निश्चिंत होण्याचेही नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातील २.८ टक्के भारतीयांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचे आढळले. म्हणजे बहुतेक लोक घेत नाहीत, बहुतेक मुले तर नाहीतच. हे मुलांना सांगणे फार आवश्यक आहे, कारण "सगळेच करतात" हाच पुडी विकणाऱ्याचा मुख्य युक्तिवाद असतो.

मग आपण, जे शाळेत शिकवीत नाही, पोलीस नाही, डॉक्टर नाही, त्यांनी काय करावे? मला याचे उत्तर फार दूरच्या, बर्फाळ देशात सापडले. १९९८ मध्ये आइसलँडमधील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी १७ टक्क्यांनी गांजावर्गीय पदार्थ घेऊन पाहिला होता; २०१६ पर्यंत हे प्रमाण ७ टक्क्यांवर आले. महिन्याभरात मद्याने झिंगलेल्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरले. त्यांनी भित्तिपत्रके लावली नाहीत. प्रत्येक मुलाला खेळ, संगीत, नृत्य यांसाठी नगरपालिकेतून पैसे दिले. संध्याकाळ भरून टाकली. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहू नये असा नियम केला. आणि पालक शुक्रवार-शनिवारच्या रात्री आळीपाळीने गावातून पायी फेरी मारू लागले. कोणाला पकडण्यासाठी नाही. आपण जागे आहोत हे मुलांना दिसावे म्हणून.

आपल्याकडे नगरपालिकेचा पैसा नसेल, पण माणसे आहेत. एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्या आई-वडिलांची मुले संध्याकाळी पाच ते नऊ कोणाच्याही नजरेखाली नसतात. तोच काळ विहाराला कुलूप असण्याचा. विहार फक्त पौर्णिमेला आणि जयंतीला उघडायचे हे कोणी ठरविले? तेथे दिवा, सतरंजी आणि एक निवृत्त माणूस एवढे असले तरी अभ्यासिका होते. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या फाटकापासून पहिली टपरी किती पावलांवर आहे ते प्रत्येकाने स्वतः मोजून पाहावे. गांजा वळण्याचे कागद अशाच टपरीवर मिळतात. टपरीवाला बहुधा आपल्यातलाच, पोटासाठी बसलेला. आधी चार ज्येष्ठांनी जाऊन बोलावे, न ऐकल्यास लेखी तक्रार द्यावी. विक्रेत्याची माहिती नाव गुप्त ठेवून देण्यासाठी 'मानस' ही १९३३ क्रमांकाची राष्ट्रीय सेवा २०२४ पासून आहे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. हे तीन आकडे वसतिगृहाच्या फलकावर, आणि त्याहून अधिक घराच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहिलेले असावेत.

एक कटू गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ट्रॉलीमागे काय चालते ते आपण सर्वजण जाणतो. वर्षभर सतरावी प्रतिज्ञा म्हणणारा मुलगा त्या रात्री आपल्याच मोठ्या भावांना पाहतो. कौशांबीच्या उपासकांची आठवण मला दरवर्षी त्या रात्री होते. याला उपाय म्हणून मिरवणूक थांबवा असे मी म्हणत नाही. मंडळातील दहा-वीस जणांनी त्या दिवशी शुद्धीत राहून पुढे चालावे, इतकेच.

२६ जून ही तारीख शाळेच्या दिनदर्शिकेत ठळक करावी, अशीही माझी विनंती आहे. अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिन त्या दिवशी असतो, आणि राजर्षी शाहू महाराजांची जयंतीही. जातीजातींच्या मुलांसाठी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभी करणारा हा राजा. शिकण्यासाठी मुलाला आधी छप्पर लागते, हे त्यांनी ओळखले होते.

पुतण्याने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा दिली. सतरावी प्रतिज्ञा आणि सतरा नंबरचा फॉर्म, असे तो स्वतःच थट्टेने म्हणतो. इंग्रजी राहिले, ते जुलैत सुटले. मध्यंतरी दोनदा त्याचे पाऊल घसरले. दोन्ही वेळा तो स्वतःच रुग्णालयात गेला. दादा आता त्याच्याशी रात्रपाळीवरून आल्यावर बोलत नाही, झोप झाल्यावर बोलतो; डॉक्टरांनी दिलेल्या सल्ल्यांत सर्वांत उपयोगी पडलेला हाच. सध्या तो एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम शिकतो आहे. मुलांसमोर येऊन अनुभव सांगशील का, असे मी विचारले, तेव्हा त्याने नकार दिला. "भाषण नको काका, व्हॉलीबॉल असेल तर येतो," म्हणाला.

त्या दोन मुलांबाबत व्यवस्थापनाने तूर्त निर्णय घेतला आहे की दोघेही वार्षिक परीक्षेपर्यंत राहतील, पंधरा दिवसांनी समुपदेशकाकडे जातील आणि त्यांच्या पालकांना महिन्यातून एकदा बोलाविले जाईल. त्यानंतर पुन्हा विचार होईल. त्या विचाराच्या वेळी ठराव मांडणाऱ्यांनी आणि विरोध करणाऱ्यांनी दोघांनीही उपस्थित राहावे.

रविवारी संध्याकाळी पाच ते सात मैदान मुलांसाठी खुले असते. गृहपाल एकटे पडतात. प्रत्येक रविवारी दोन माजी विद्यार्थी लागतील. कार्यालयात त्यासाठी एक वही ठेवली आहे. हा लेख देईपर्यंत त्या वहीत अकरा नावे आली होती, आणि जूनपासूनचे बरेच रविवार अजून कोरे आहेत.